किलोमीटर नको, पूल मोजा: चेन्नई, विशाखापट्टण, कोची, गोवा

'आयटी पार्कपासून दोन किलोमीटर, समुद्राला लागून' असं हॉटेलच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. फक्त मधलं पाणी सांगितलेलं नसतं. किनाऱ्यावरच्या शहरांत खाडी, कालवा, नदी, बंदर यांपैकी काहीतरी आडवं पडलेलंच असतं. म्हणून खोली ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: हॉटेल आणि ऑफिस यांच्यामध्ये पूल किती, आणि ते नेमके कुठे?

चेन्नईपासून सुरुवात, कारण सगळा त्रास तिथेच आहे. (हा भाग लांबला आहे आणि कडवटही झाला आहे, त्याला इलाज नाही.)

शहराच्या दक्षिणेला दोन रस्ते समांतर उतरतात. आतला ओएमआर, म्हणजे जुना महाबलीपुरम रस्ता, आता राजीव गांधी सालै. टायडल पार्कपासून सिरुसेरीपर्यंतच्या आयटी कंपन्या यावर. बाहेरचा ईसीआर, म्हणजे ईस्ट कोस्ट रोड, समुद्राच्या कडेचा. रिसॉर्ट यावर. दोघांच्या मधून बकिंगहॅम कालवा जातो. मालाच्या होड्यांसाठी केलेला हा जलमार्ग. आता होड्या गेल्या, कालवा राहिला. तो चारचाकीने निर्धास्तपणे ओलांडायच्या जागा मोजक्या: उत्तरेला तिरुवान्मियूर, मध्ये शोलिंगनल्लूर ते अक्करै, आणि दक्षिणेला केळंबाक्कम ते कोवलम. (हे तमिळनाडूतलं कोवलम. टॅक्सीवाल्याला सांगताना घोळ होत नाही, पण हॉटेल शोधताना केरळातलं कोवळम हटकून आधी येतं.)

आता उदाहरण घ्या. ऑफिस ओएमआरवर नावलूरला, हॉटेल ईसीआरवर कानत्तूरला. सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आसपास. गाडीने मात्र कानत्तूरहून उत्तरेला अक्करैपर्यंत, तिथून कालवा ओलांडून शोलिंगनल्लूरचा चौक, मग पुन्हा दक्षिणेला नावलूर, असा दहा किलोमीटरच्या वरचा उलटा यू काढावा लागतो. त्यातही शोलिंगनल्लूरचा सिग्नल सकाळी साडेआठ ते साडेदहा म्हणजे शिक्षा आहे. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचं काम ओएमआरच्या मध्यावर चालू असल्याने जागोजागी पत्र्याची कुंपणं उभी आहेत आणि गाड्यांना रस्ता कमी उरला आहे. दहाच्या बैठकीला कानत्तूरहून साडेआठला निघणारा वेळेत पोचेल अशी खात्री देता येत नाही. आठच्या आधी निघायचं, नाहीतर तिथे राहायचंच नाही.

बुकिंगच्या संकेतस्थळावरचं अंतर बहुतेकदा सरळ रेषेतलं असतं. ते सोडून द्या. नकाशात जाऊन मंगळवारची तारीख आणि 'साडेनऊला पोचायचं' अशी वेळ टाका, मग किती मिनिटं दाखवतो ते बघा. रविवारी रात्री घरी बसून पाहिलं तर तोच रस्ता निर्मनुष्य दिसतो आणि तिथेच फसगत होते. एकदा सॅटेलाइट चित्रही उघडा, कालव्याची रेघ स्वच्छ दिसते.

निकाल असा. नावलूर, शोलिंगनल्लूर, तोरैपाक्कम, पेरुंगुडी यांपैकी कुठेही काम असेल तर ओएमआरवरच राहा, समुद्र रविवारी बघा. सिरुसेरी किंवा केळंबाक्कमला काम असेल तर मात्र उलट: कोवलमला राहणं शहाणपणाचं, कारण दक्षिणेचा पूल जवळ आणि गर्दी शहराच्या दिशेला. कोवलमचं ताज फिशरमन्स कोव्ह या एकाच हिशेबात कामाच्या माणसाला परवडतं. भाड्याबद्दल बोलत नाही, वेळेबद्दल बोलतोय.

विमानतळावरून ओएमआरला जाताना शहरात शिरूच नका. पल्लावरम ते तोरैपाक्कम हा रेडियल रोड पळ्ळीकरणैच्या पाणथळीच्या कडेने थेट ओएमआरला काढतो. सिरुसेरीसाठी त्याहून दक्षिणेचा वंडलूर ते केळंबाक्कम रस्ता. चालकाला हे आधी सांगावं लागतं. ॲपच्या गाड्या टर्मिनलच्या दारात येत नाहीत, बहुमजली पार्किंगच्या इमारतीत येतात. बॅग घेऊन तिथवर जायला दहा-पंधरा मिनिटं धरा आणि गाडी तिथे पोचल्यावरच बुक करा, नाहीतर थांबण्याचे पैसे सुरू होतात. भाड्याची गाडी दिवसभर ठेवायची तर आठ तास-ऐंशी किलोमीटरचं पॅकेज घेताना एकच विचारा: मोजणी गॅरेजपासून का पिकअपपासून? गॅरेजपासून असेल तर न बसलेल्या किलोमीटरचेही पैसे तुमचेच.

अण्णा सालैच्या आसपास काम असेल तर चेन्नई एकदम शहाण्यासारखं वागतं. विमानतळावरून मेट्रोची निळी मार्गिका थेट एलआयसी स्थानकाला येते आणि तिथून कॉनेमरा हॉटेल चालत गाठता येतं. इथे समुद्र नाही, पण जुन्या इमारतीला १९७०च्या दशकात श्रीलंकेचे वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांचा हात लागलेला आहे. तलावाभोवतीचा भाग बघितला की लक्षात येतं.

आता समुद्र दिसण्याच्या पैशांबद्दल, कारण यात नवे-जुने सगळेच सापडतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. हा कर वरच्या फरकावर नाही, पूर्ण भाड्यावर लागतो. समजा खोली ७,२०० ची. करासह ७,५६० होतात. काउंटरवरचा माणूस अगदी गोड आवाजात विचारतो, 'सर, फक्त पाचशे जास्त, सी व्ह्यू देऊ?' तुम्ही हो म्हणता. खोली ७,७०० ची झाली, कर १८ टक्के, बिल ९,०८६. पाचशेचा समुद्र पंधराशे सव्वीस रुपयांना पडला. जादा पलंगाचं तेच. नाश्त्यासकट दर घेतला तर नाश्ता खोलीच्या भाड्यातच धरला जातो, म्हणून काठावरच्या दराला नाश्ता वेगळा ठेवायला सांगा.

'कंपनी क्रेडिट घेईल', म्हणजे हा कर आपल्या करातून वजा करून घेईल, हा दिलासाही पोकळ आहे. पाच टक्क्यांच्या दरावर हॉटेललाच क्रेडिट नाही. अठरा टक्क्यांच्या बिलावर कर त्या राज्याचा लागतो, कारण खोली त्या राज्यात आहे. कंपनीची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर केरळचा किंवा तमिळनाडूचा सीजीएसटी-एसजीएसटी (जीएसटीतला केंद्राचा आणि राज्याचा वाटा) तिला वापरता येत नाही. त्या राज्यात कंपनीचा वेगळा जीएसटी क्रमांक असेल तर तो चेक-इनलाच द्या. चेक-आउटला दिला की 'इन्व्हॉइस निघालं' हे उत्तर ठरलेलं. जेवणाच्या बिलातलं सर्व्हिस चार्जही तसंच: ते आपोआप लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे निर्देश जुलै २०२२ पासून आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तरी लावतात. कच्चं बिल मागवा, काढायला सांगा, मग पक्कं घ्या. वाद घालावा लागत नाही, नुसतं बोट ठेवलं तरी काढतात.

आणि सी व्ह्यू घेतलाच, तरी गॅलरी आणि एसी एकत्र चालत नाहीत. दमट हवा आत आली की थंड आरशावर, फरशीवर, लॅपटॉपवर पाणी सुटतं. अनेक हॉटेलांत गॅलरीच्या दाराला चुंबकी स्विच असतो, दार उघडं राहिलं की एसी बंद. दिवसभर कार्ड काढून खोली बंद ठेवली की संध्याकाळी चादर ओलसर लागते. परतल्यावर एसी सोळावर टाकू नका. दारं लावून चोवीसवर किंवा ड्राय मोडवर तासभर चालू द्या. सुती शर्ट बाथरूममध्ये रात्रभर टांगला तर सकाळी तसाच ओला मिळेल. तो खोलीत, एसीच्या झोतापासून जरा लांब टांगायचा. इस्त्री सकाळी. खोलीत शिरताच कुबट वास आला तर एसीचं कॉइल किंवा ट्रे घाण आहे. तेव्हाच खोली बदलून घ्या, फवारा मारून देतो म्हणतील त्याला मान डोलावू नका.

विशाखापट्टण सोपं. बीच रोडवरची बरीच हॉटेलं रस्त्याच्या अलीकडे आहेत, पलीकडे वाळू, म्हणजे 'बीचवर' याचा अर्थ रस्ता ओलांडून. काम ऋषिकोंड्याला असेल तर त्या टोकाला राहा. आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी संग्रहालय म्हणून किनाऱ्यावरच उभी आहे, संध्याकाळी एक तास द्यावा. समुद्रात उतरू नका, ओढ वाईट आहे. तीन दिवस काही बिघडलं नाही, त्यामुळे लिहिण्यासारखं एवढंच.

कोचीत पाणी चेन्नईहून कितीतरी जास्त, पण इथे ते वाहतुकीला वापरतात. विमानतळ नेडुंबस्सेरीला, एर्नाकुळमपासून तीसेक किलोमीटर. फोर्ट कोची आणखी पुढे, संध्याकाळी दोन तास धरा. नवखा माणूस हटकून फोर्ट कोचीत हॉटेल घेतो आणि काम असतं काक्कनाडच्या इन्फोपार्कमध्ये, शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. रोज जाऊन-येऊन तीन तास गेलेच. काम काक्कनाडला असेल तर काक्कनाड नाहीतर वैट्टिला. वैट्टिलाला मेट्रो, वॉटर मेट्रो (प्रवासी बोटींची सेवा) आणि बसस्थानक एकाच आवारात आहे, आणि वैट्टिला ते काक्कनाड वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ पासून चालू आहे. बोट वातानुकूलित, विजेवर चालणारी, कोचीन शिपयार्डमध्येच बांधलेली. तिकीट स्वस्त. शंभरेक माणसं झाली की फाटक बंद, पुढच्या बोटीची वाट बघायची, म्हणून बैठकीआधी एक बोट हातची राखून निघा. काक्कनाड धक्क्यापासून इन्फोपार्कपर्यंत चालत जायचा विचार नको, तिथून रिक्षा किंवा फीडर बस.

फोर्ट कोची शेवटच्या मोकळ्या दिवसासाठी ठेवा. हायकोर्ट धक्क्यावरून वॉटर मेट्रोने जा, गाडीने नको. शनिवार-रविवारी परतीची रांग मोठी असते, सूर्यास्त होईपर्यंत थांबलात तर त्या रांगेतच रात्र पडेल. ब्रंटन बोटयार्ड हे तिथलं हॉटेल जुन्या जहाजबांधणीच्या जागेवर उभं आहे. बोळगाट्टी पॅलेस डचांनी १७४४ मध्ये बांधलेला, आता केरळ पर्यटन महामंडळाचं हॉटेल. गोश्री पुलांमुळे तो हायकोर्टापासून जवळ पडतो, म्हणून एर्नाकुळमच्या उत्तर भागात काम असणाऱ्याला चालून जातो.

पण चारही शहरांत एकच जागा सांगा म्हटलं तर विलिंग्डन बेटाचं टोक, ताज मलबार. हे बेटच बंदर खोल करताना काढलेल्या गाळाचं, बंदर उभारणाऱ्या रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज अभियंत्याच्या काळातलं. खोलीतून मोकळा समुद्र दिसत नाही, बंदराचं तोंड दिसतं. समोरून मालवाहू जहाज इतक्या जवळून सरकतं की मजले मोजता येतात. इथे सी व्ह्यूचे जादा पैसे द्या, कर वाढला तरी द्या, वरचा जीएसटीचा अख्खा परिच्छेद विसरा. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी काक्कनाडला बैठक नसावी. बेटावरून बाहेर पडायला एका अंगाला तेवऱ्याकडचा पूल, दुसऱ्या अंगाला तोप्पुंपडीकडचा, आणि दोन्हीकडे नऊच्या सुमाराला गाड्या खोळंबतात.

मोसमाबद्दल दोन वाक्यं. पश्चिम किनाऱ्याला जून ते सप्टेंबर आणि चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर, असे पावसाचे दोन वेगळे काळ आहेत, आपल्याकडची दिवाळी संपली म्हणजे पाऊस गेला हे तिथे चालत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कोचीचा विमानतळ पुराने दोन आठवडे बंद होता. चेन्नईचा डिसेंबर २०१५ मध्ये काही दिवस, आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात पुन्हा. या महिन्यांत परतीचं तिकीट बदलता येणारंच घ्या.

गोव्यात सगळा घोटाळा तिकिटापासून सुरू होतो. जानेवारी २०२३ पासून विमानतळ दोन: दाभोळी, तिकिटावरचा कोड जीओआय, आणि मोपा, कोड जीओएक्स. मोपा पेडण्यात, उत्तरेच्या टोकाला. वेर्णे औद्योगिक वसाहतीत काम असेल आणि तिकीट स्वस्त म्हणून मोपाचं काढलं, तर मांडवी आणि जुवारी दोन्ही ओलांडून पन्नासच्या वर किलोमीटर जायचं. वाचवलेले पैसे टॅक्सीत गेले, वर काही घातले. दाभोळीहून वेर्णे जवळ, नदी एकही नाही. पणजीला काम असेल तर दोन्ही सारखेच. म्हापसा, थिवी, पेडणे असेल तर मोपा.

ओला-उबर गोव्यात नाहीत. गोवामाइल्स हे तिथलं टॅक्सीचं ॲप आहे. पण हॉटेलच्या फाटकावर स्थानिक टॅक्सीवाले उभे असतील तर ॲपची गाडी आत यायला कचरते. मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाऊन बोलवा. हॉटेलने मागवलेल्या टॅक्सीचा दर आधी विचारा आणि तो परतीच्या रिकाम्या फेरीसकट आहे का, तेही. मोपाहून पणजी, म्हापसा, मडगावला कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, बस सुटते. एका बॅगेच्या माणसाला ती पुरते, टॅक्सीच्या तुलनेत फुकटच. परतीच्या दिवशी चालकाला 'एअरपोर्ट' एवढंच म्हणू नका, मोपा का दाभोळी ते नावानिशी सांगा आणि बोर्डिंग पासवरचा कोड त्याला दाखवा.