जस्ताची डाय: आरे टोकापर्यंत भरू लागले

बैलगाडीच्या चाकाची डाय, म्हणजे जस्ताचं छोटं चाक ओतायचा लोखंडी साचा, या पावसाळ्यात बरीच पुढे सरकली. चाक ५० मिमीचं, आरे बारीक. वितळलेल्या धातूचा रस आता धावेपर्यंत, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कड्यापर्यंत पोचतोय, आणि तो पोचतोय डायच्या तापमानामुळे.

झमॅक-३ (जस्त-ॲल्युमिनियमचा मिश्रधातू) साधारण ३८१ ते ३८७ अंश सेल्सिअसला वितळतं. मी ४२०-४३०ला ओततो. आरा अर्धवट राहिला की भट्टी वाढवावीशी वाटते, पण त्याने मळी (रसावरचा ऑक्साइडचा कचरा) वाढते आणि आकुंचनाचे खड्डे पडतात. डाय मात्र २०० अंशांच्या आसपास धरली, की तोच रस गारठायच्या आत पुढे जातो.

दुसरा प्रश्न हवेचा. वाळूचा साचा श्वास घेतो, लोखंडी डाय घेत नाही. माझा गेट, म्हणजे रस शिरायचं तोंड, चाकाच्या मध्यभागी आहे. रस प्रत्येक आऱ्यातून धावेत उतरतो आणि दोन आऱ्यांच्या अधेमध्ये दोन धारा भेटतात. तिथे रस सर्वांत थंड, तोंडावर ऑक्साइडची साय, आणि हवाही तिथेच कोंडलेली. सांध्याची बारीक रेघ उमटते ती नेमकी तिथे. म्हणून एअर व्हेंट (हवा निघायच्या बारीक वाटा) आणि ओव्हरफ्लोचे खिसे मी त्याच जागी काढतोय. पहिला गार रस खिशात जाऊ दे, चाकात मागचा गरम रस राहू दे.

वाळूजला दुचाकींचे ॲल्युमिनियमचे भाग पाहणाऱ्यांना दाबाने रस डायमध्ये ढकलणारं कोल्ड चेंबर यंत्र ओळखीचं. ॲल्युमिनियमचा रस लोखंड खातो, म्हणून प्रत्येक शॉटला (प्रत्येक ओतीला) तो बाहेरून पळीने घालावा लागतो. झमॅकचं तसं नाही. रस ढकलणारा प्लंजर (दट्ट्या) रसात बुडालेला चालतो, त्यालाच हॉट चेंबर म्हणतात. त्यामुळे हातदांड्याचं छोटं हॉट चेंबर आपल्या आवाक्यातलं आहे, असं माझं ठाम मत आहे. फक्त डाय आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा हिशोब आधी करा: चाकाचं क्षेत्रफळ सुमारे २० चौ. सेंमी, दाब १० किलो प्रति चौ. सेंमी धरला तरी डाय उघडायला २०० किलोचा जोर लागतो. रनरचं (गेटपर्यंत रस नेणाऱ्या पाटाचं) क्षेत्रफळ वेगळं. दोन सी-क्लॅम्पवर हे सोडू नका, उडालेला रस थेट अंगावर येतो.

भंगारातलं झमॅक घेताना डाग दिलेले, म्हणजे शिशाच्या सोल्डरने जोडलेले तुकडे बाजूला काढा. शिसं ०.००५ टक्क्यांवर गेलं की काही वर्षांत ओतीव भाग आतून भुगा होतो. आणि या दमट हवेत पळी, झमॅकच्या विटा, सगळं भट्टीच्या कडेला तापवूनच रसात घाला. पाण्याच्या थेंबाची वाफ रस उडवते.

पुढचं काम: खिसे मिलिंगवर काढून घेणं, मग बिजागरीचा क्लॅम्प.