पाराचीला जाताय? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

ट्रॉली बॅग घेऊन ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या पाराची या जुन्या गावाला जाऊ नका. पाठीवरची सॅक घ्या. बाकी सगळं नंतर, आधी हे, कारण आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

रिओच्या मुख्य बसस्टँडवरून साडेचार-पाच तास लागतात, साधारण अडीचशे किलोमीटर. (तिकीट खिडकीवर ‘पाराची’च म्हणा, Paraty या स्पेलिंगप्रमाणे ‘पराटी’ म्हटलं तर समोरचा नुसता बघत राहतो.) बस उत्तम, रस्ता सुंदर, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार लॉजवाल्याबद्दल आहे. ‘बसस्टँडपासून चालत दहा मिनिटं, गावाच्या अगदी मधोमध’ असं त्याने कळवलं होतं. अंतर बरोबर आहे. पण जुन्या गावाच्या तोंडाशी साखळ्या लावल्यात, गाडी तिथेच थांबते, आणि पलीकडच्या त्या दगडांना फरसबंदी म्हणायला धाडस लागतं. काही दगड पाट्याएवढे, काही मुठीएवढे, एक वर तर दुसरा खाली, मधल्या फटीत पाऊल मुरगळावं असे. पाऊस पडून गेला असेल तर वर निसरडंही. बॅगेचं चाक दुसऱ्याच वळणावर गेलं. तिथून ती दोघांनी उचलून नेली.

आणि त्या दिवशी होती पौर्णिमा. गाव अगदी समुद्रपातळीला, गल्ल्या मधोमध खोलगट. उधाणाची भरती आली की धक्क्याकडच्या गल्ल्यांत पाणी सरळ आत शिरतं. फोटोवाल्यांची दिवाळी असते, पांढऱ्या भिंती आणि निळ्या-पिवळ्या चौकटी पाण्यात उलट्या दिसतात. आपण मात्र चपला हातात धरून, बोटांनी दगड चाचपत, दुकानाच्या पायरीवरून पुढच्या पायरीवर. तेव्हा फोटो हवेत तर पौर्णिमा-अमावास्या गाठा, नाहीतर ते दोन-तीन दिवस सोडून जा. भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. नेमकी वेळ हवी असेल तर ब्राझीलच्या नौदलाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं. कोकणातल्या माणसाला यातलं काही शिकवायला नको.

राहायला साखळीच्या बाहेर बघा. आतल्या लॉजला ‘वातावरण’ आहे, म्हणजे जास्त भाडं आणि रात्री खालच्या मजल्यावर गिटार.

गिटारवरून आठवलं. जुन्या गावातल्या एका हॉटेलात आम्ही दोन माशांचे रस्से आणि भात मागवला. बिलात पाव-ऑलिव्हचे पैसे, गाणाऱ्याचे माणशी पैसे आणि वर दहा टक्के सेवा. पाव आम्ही मागवला नव्हता, आपणहून आणून ठेवला होता. न मागवलेली वस्तू टेबलावर आली की तिथल्या तिथे ‘नको’ म्हणा आणि परत पाठवा. दहा टक्के ऐच्छिक असतात, सेवा आवडली नाही तर काढून टाकायला सांगता येतं. गाण्याचा दर बहुतेकदा दारावरच्या पाटीवर लिहिलेला असतो, बारीक अक्षरात. बसण्याआधी विचारा. दुसऱ्या दिवसापासून आम्ही नव्या वस्तीत वजनावर जेवलो: ताट भरायचं, काट्यावर ठेवायचं, तेवढेच पैसे. शाकाहारी मंडळींनी तर दुसरीकडे जाऊच नये. फक्त उसळीसारख्या दिसणाऱ्या काळ्या घेवड्यात डुकराचं मांस असू शकतं, विचारल्याशिवाय वाढून घेऊ नका.

बोटीचा दिवस झकास गेला. बेटं, हिरवं पाणी, पोहणं. धक्क्यावर चार बोटवाल्यांना दर विचारा, आणि बोटीवरचं जेवण वेगळं पडतं एवढं लक्षात ठेवा.

चर्चसाठी अर्धा दिवस राखून ठेवू नका. सांता रीता, 1722 चं, पाण्याकडे तोंड करून उभं आहे आणि बाहेरूनच जास्त छान दिसतं. जुनं गोवं पाहिलेल्या माणसाला आत गेल्यावर ‘एवढंच?’ वाटणार. इथे बघायचं ते अख्खं गाव. आतल्या मिनास जेराइस प्रांतातल्या खाणींचं सोनं खेचरांवरून डोंगर उतरून इथे यायचं आणि जहाजात चढायचं. मग रिओहून खाणींकडे सरळ वाट निघाली आणि पाराची मागे पडलं. पुढे कॉफीने थोडे चांगले दिवस दाखवले, तेही गेले. 1970 च्या दशकात किनाऱ्याचा महामार्ग येईपर्यंत कुणाला इथे नवं बांधायची गरजच पडली नाही, म्हणून जुनं टिकलं. 2019 पासून जागतिक वारसा आहे, भावही त्याच हिशेबाने.

तो सोन्याचा मार्ग मात्र चुकवू नका. पेन्या या वस्तीकडे जाणारी लोकल बस पकडा. गुलामांकडून घालून घेतलेल्या दगडी वाटेचा तुकडा जंगलात शिल्लक आहे, शेवाळलेला. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्याला काहीच अवघड नाही, पण बुटाची पकड चांगली हवी. शेजारच्या धबधब्याच्या गुळगुळीत कातळावरून तिथली पोरं उभ्याने घसरत जातात. आपण बसूनही करू नये. बारीक काळ्या माश्या घोट्याला चावतात, खाज कित्येक दिवस जात नाही. मोजे आणि ओडोमॉस.

दोन रात्री पुरेत. डिसेंबर ते मार्च पाऊस फार, मे ते ऑगस्ट जा.

शेवटी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. ब्राझीलहून भारतात परतताना तिचा दाखला लागतो, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात. निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून काही उपयोग नाही.