एकच तृतीया, तीन आकडे

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका वकिलांकडून तीन जुने कागद उतारा करायला आले: सावकाराच्या गुजराती वहीचं पान, कर्जदाराच्या घरातलं मोडी टिपण आणि ग्वाल्हेरच्या जामीनदाराचं हिंदी पत्र. तिन्हींवर वैशाख शुद्ध तृतीया, सोमवार. वर्षं मात्र अनुक्रमे संवत १९६७, शके १८३३ आणि संवत १९६८. दोन्ही संवतांतून सरसकट ५७ वजा केल्यामुळे १९१० आणि १९११ अशी दोन कर्जं उभी राहिली होती.

संवत कुठला हे कागदाच्या गावावरून ठरतं. गुजरातचा कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो, उत्तरेचा चैत्र शुद्ध प्रतिपदेला. म्हणून चैत्र ते आश्विन उत्तरेचा आकडा एकाने पुढे, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत दोन्ही सारखे. गुजराती संवतातून कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करायचे, जानेवारी ते आश्विन ५६. शकात चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवायचे, पुढे फाल्गुनअखेर ७९. तिन्ही कागद १९११ वर आले. ताळा वाराचा: १ मे १९११ ला सोमवारच होता, १९१० ची अक्षय्य तृतीया सोमवारी येत नाही. वार नसलेला जुना कागद मला नकोसा वाटतो तो यासाठीच.

तिथी शुद्धातली हेही बरं. वद्य असती तर ग्वाल्हेरच्या पौर्णिमान्त, म्हणजे महिना पौर्णिमेला संपवायच्या, रिवाजाने तिकडे ज्येष्ठ लिहिला गेला असता.

खरा वाद मोडी टिपणातल्या ओळीवर होता: ‘येत्या पाडव्यास मुद्दल व्याजासह देऊ’. मराठी घरात पाडवे दोन. घरच्यांच्या मते गुढीचाच, कारण आपलं वर्ष तेव्हा सुरू होतं. पण दोहोंत पाच महिन्यांचं व्याज अडकलं होतं, आणि पैसे द्यायचे होते ते गुजराती सावकाराला. त्याची खाती दिवाळीला मिटतात. चोपडापूजन, म्हणजे वह्यांची पूजा, झालं की बाकी नव्या वहीत ओढतात. पुढच्या वहीचं पहिलं पान मागवलं. संवत १९६८, कारतक सुद १: मुद्दल जमा, थोडं व्याज बाकी. वैशाखानंतर आधी येतो तोही हाच पाडवा.

उताऱ्यात ‘वर्षारंभी फेड’ असं मोघम लिहिलं नाही. ‘कार्तिक शुद्ध १, संवत १९६८ (गुजराती), शके १८३३, ऑक्टोबर १९११’ असं लिहून दिलं, आणि ग्वाल्हेरच्या १९६८ पुढे कंसात ‘चैत्री’.