नवस तिचा, फोड माझ्या पायाला

आईची जपमाळ खिशात घेऊन निघालो. अकरा वर्षं ती गंगापूरहून हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या यात्रेला चालत जायची, धाकट्याची दारू सुटावी म्हणून. ती गेली, दारू राहिली. यंदा म्हटलं, आपण जाऊ. नवस तिचा, फोड माझ्या पायाला.

कायगाव टोक्याचा पूल, प्रवरासंगम, सगळं पहाटेच्या अंधारात मागे पडलं. पुढे निळा झेंडा, मागे टेम्पोवर भोंगा. रोझरीचं, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचं तिसरं रहस्य चालू असताना भोंगेवाल्याने कुठल्यातरी सिनेमाच्या चालीवरचं मरियामातेचं गाणं लावलं. चिडलो. शेजारच्या मावशींनी मात्र त्यावरही टाळ धरला. मग त्यांनीच रेव्हरंड ना. वा. टिळकांचा अभंग उचलला. टिळक काही कॅथलिक नव्हते, पण भजनात कोण विचारतंय!

पावसाने ओढ दिलेली. दोन्ही बाजूंना कपाशी माना टाकून उभी. चालताना बायका नमो मरिया म्हणत होत्या आणि मध्येच एकमेकींना विचारत होत्या, बोअरला पाणी आहे का.

नेवासा फाट्याच्या पुढे मला टाच टेकवेना. नवे बूट, माझाच शहाणपणा. एका घराच्या ओट्यावर बसलो तर आतून एक म्हातारी आली. कपाळावर बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. न विचारता माझा पाय मांडीवर घेतला.

"अहो आजी, नको, पायाला घाण आहे."

"गप बस. बूट घालून चालतंय का कुणी?"

गोधडीच्या सुईत पांढरा दोरा ओवला, सुई दिव्यावर धरली आणि फोडाच्या या बाजूने घालून त्या बाजूने काढली. पाणी वाहून गेलं. दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापली. "ओढून काढू नको. सुकला की आपोआप निघतो. पंढरीला आम्ही असंच करतो." वर खोबरेल आणि हळद. मी कळवळलो तर हसली. नातवाच्या जुन्या चपला दिल्या, एक अंगठा तुटून तारेने बांधलेला.

"कुठं निघालास?"

"हरेगावला. मतमाउलीला."

"मीबी गेले होते एकदा. पोरगं होत नव्हतं लेकीला."

"झालं?"

"नाही." तिने सुई गोधडीत खोचली. "चहा घेतोस?"

चहा घेतला. फुटका कप, आलं भरपूर. पुढे काय बोलावं सुचेना. तिलाही काही बोलायचं नव्हतं.

नेवाशातला ज्ञानेश्वरांचा पैसाचा खांब बाहेरूनच पाहिला. टाकळीभान कधी आलं, आठवत नाही.

हरेगावात गर्दी अशी की मेणबत्ती पेटवायला हात वर धरावा लागला. कारखाना कधीच बंद पडला. बाप तिथे ऊस उतरवायचा. मिस्साची प्रार्थना चालू असताना मी माउलीकडे काहीच मागितलं नाही. माळेचे मणी मात्र मोजत राहिलो, आईसारखेच, ओठ हलवत. मध्येच मेणाचा थेंब मनगटावर पडला आणि तोंडून शिवी निघाली. पुढच्या काकांनी वळून पाहिलं.

संध्याकाळी धाकटा गाडी घेऊन न्यायला आला, न सांगता. मी मागे बसलो, त्याच्या मानेजवळ वाकलो आणि मग श्वास रोखूनच धरला.

"पाय वर घे," तो म्हणाला. "सायलेन्सर तापलाय."