देठ, खुंट आणि पोकळ खोड

पिंपळाचं पान वारा नसतानाही हलतं. म्हणजे वारा असतो, पण आपल्या गालाला कळत नाही इतका. देठ लांब, बारीक, लवचीक. पान रुंद आणि टोक निमुळतं होत शेपटीसारखं लोंबणारं. त्याला डोलवायला झुळूकही जास्त होते. संस्कृतने तर नावच ‘चलदल’ ठेवलं. भर दुपारी बाकीची झाडं गप्प आणि हा एकटा सळसळतोय म्हटल्यावर तिथे कोणीतरी वस्तीला असणारच. कोणी म्हणालं देव, कोणी म्हणालं मुंजा.

युरोपातल्या ॲस्पेन या झाडाचंही असंच, फक्त करामत वेगळी. त्याचा देठ चिमटीत धरून फिरवला तर गोल फिरत नाही, पट्टीसारखा अडतो. हा चपटेपणा पानाच्या पात्याशी काटकोनात असतो, म्हणून जरा वारा लागला की पान डावी-उजवीकडे लटपटतं. तिथल्या ख्रिस्ती लोककथेने कारण शोधलं: येशूचा क्रूस याच्या लाकडाचा होता, त्या अपराधाने ते अजून कापतंय. थरथर तीच, पण एकाच्या वाट्याला नमस्कार आला, दुसऱ्याच्या वाट्याला ठपका.

पानांपेक्षा खुंट जास्त बोलतात. ऑलिव्हचा बुंधा जमिनीलगत गाठाळ, फुगीर असतो आणि त्यात कळ्या निजलेल्या असतात. वरचं झाड तोडा, जाळा, खालून धुमारे येतात. (झाड कलमी असेल तर कलमाखालचा धुमारा रानटी निघतो; त्यावर पुन्हा कलम बांधावं लागतं.) इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियनांनी अथेन्सचं अक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरचं देवस्थान, जाळलं, तेव्हा तिथल्या पवित्र ऑलिव्हला दुसऱ्याच दिवशी हातभर कोंब फुटल्याचं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिलंय. एका दिवसात हातभर, हे जरा अतीच. पण फुटणं खरं. शांततेचं चिन्ह म्हणून ते शोभतंही, कारण भरघोस फळ धरायला झाडाला बरीच वर्षं लागतात आणि तेवढी वर्षं बागेतून सैन्य जाऊन चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजावर त्याच्याच फांद्या आहेत.

सायप्रस या उंच, निमुळत्या झाडाचा खुंट मात्र फुटत नाही. तोडलं की संपलं. रोमन लोक मृत्यू झालेल्या घराच्या दारात त्याची फांदी लावत. इथवर माणसांनी झाडांना चिकटवलेला प्रत्येक अर्थ झाडाच्या अंगातूनच निघालाय असं वाटतं, आणि नेमका इराण आडवा येतो. त्याच सायप्रसला फारसी कवी ‘सर्व-ए-आझाद’ म्हणतात, स्वतंत्र सायप्रस: ना फळाचं ओझं, ना पानगळीची धास्ती. रोमनांनी खुंट पाहिला, इराण्यांनी शेंडा.

इंग्लंडच्या चर्चच्या आवारातल्या यू वृक्षाने दोन्ही बाजू सांभाळल्या. बीभोवतीचा लाल गर सोडला तर सगळं विषारी, त्यामुळे मृत्यूशी नातं जुळलं. आणि जमिनीला टेकलेली फांदी मूळ धरते, त्यामुळे पुनरुत्थानाशीही. वय विचाराल तर पंचाईत. म्हाताऱ्या यूचा गाभा कुजून खोड पोकळ होतं. वर्तुळं मोजायची कुठे? स्कॉटलंडमधल्या फोर्टिंगॉलच्या यूला कोणी २००० वर्षं देतं, कोणी ५०००.