तुम्ही विचारलंत म्हणून: ज्वारीच्या भाकरीत रातकिडे घालायचे का?

‘जगाचं पुढचं अन्न म्हणे किडे. मग आपल्या सोलापुरात ते चालतील का? भाकरीच्या पिठात पावडर मिसळली तर कुणाला कळणारही नाही.’ हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. थोडक्यात सांगायचं तर पावडर करता येते, पण भाकरीत घालू नका. किड्यांचा खरा उपयोग तुमच्या कोंबड्यांना आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालात खाण्याजोग्या किड्यांच्या १,९०० हून अधिक जाती नोंदवल्या आहेत. थायलंडमध्ये रातकिडे पाळण्याचा धंदाच आहे. बस्तरात लाल मुंग्यांची चटणी होते, आसामात एरी रेशमाचे कोशातले किडे खातात. युरोपीय संघानेही २०२१ पासून एकेका जातीला परवानगी द्यायला सुरुवात केली. त्यामुळे ‘शी, हे कोण खातं’ हा युक्तिवाद टिकत नाही.

पावडर करणं सोपं आहे. रातकिडे चोवीस तास उपाशी ठेवायचे, म्हणजे पोट रिकामं होतं. मग डीप फ्रीजरमध्ये दोन दिवस. धुऊन पाच मिनिटं उकळत्या पाण्यात घालायचे. ही पायरी गाळली तर जंतू राहतात. नंतर ६० ते ७० अंशांवर कडकडीत वाळवून दळायचे. किड्यात साधारण सत्तर टक्के पाणी असतं, म्हणून किलोभर जिवंत किड्यांतून पाव किलोच्या आसपास पावडर निघते. तिच्यात सुमारे साठ टक्के प्रथिनं आणि बरीच चरबी असते.

घोटाळा या चरबीनेच होतो. कडक भाकरी महिनाभर टिकते ती पूर्ण वाळलेली असते आणि तिच्यात तेल फारसं नसतं म्हणून. पावडर घातलेली भाकरी लवकर खवट होते. शिवाय ज्वारीला चिकटपणा मुळात कमी, तो उकळत्या पाण्याने आणायचा. पिठात पावडर जास्त गेली की थापताना कडा फाटतात. त्यापेक्षा पावडर शेंगाचटणीत घातलेली बरी, चटणीला स्वतःचंच तेल असतं. पण हिशेब करा. दोनशे ग्रॅम शेंगदाण्यांत आधीच पन्नासेक ग्रॅम प्रथिनं असतात. पंधरा ग्रॅम पावडर त्यात नऊची भर घालते. दहा ग्रॅम पावडर म्हणजे एका अंड्याएवढी प्रथिनं, आणि अंडं कितीतरी स्वस्त. ज्वारीत लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी असतं आणि किड्यांत ते भरपूर असतं, हे खरं. पण ती उणीव वाटीभर डाळही भरून काढते.

आणि ‘कळणार नाही’ म्हणून गुपचूप घालणं तर साफ चूक. ज्याला कोळंबी किंवा जवळा सोसत नाही, त्याला रातकिड्याचीही ॲलर्जी होऊ शकते. माळकऱ्याच्या, जैनाच्या घरी हा मांसाहारच. काठवटसुद्धा वेगळी लागेल. विकायचं म्हटलं तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची पूर्वपरवानगी पाहिजे. त्यातून ज्या घरात ज्वारीला टोके लागू नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला घालतात आणि तरी लागले तर धान्य उन्हात पसरून चाळतात, तिथे मुद्दाम किडा दळून घाला म्हणणं जड जाणारच. या किळसेला अडाणीपणा म्हणणारे मला पटत नाहीत.

पर्यावरणाचं गणितही वाटतं तितकं सरळ नाही. कॅलिफोर्नियात २०१५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात कोंबडीखाद्यावर वाढवलेले रातकिडे प्रथिनांच्या हिशेबात कोंबडीपेक्षा जेमतेमच सरस ठरले, आणि फारशी प्रक्रिया न केलेल्या ओल्या कचऱ्यावरचे बहुतेक वाढायच्या आतच मेले. (नरांची रात्रभर किरकिर शेजारी किती सोसतील, हा प्रश्न वेगळाच.)

कोंबड्यांसाठी कचऱ्यावर खरी पोसते ती ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी. टबात चिरलेला भाजीकचरा पाच ते आठ सेंटिमीटरच पसरा. थर जाड झाला की आत तापतो, हवा जात नाही आणि नासतो. मुठीत दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. पाणी गळू लागलं तर कोंडा मिसळा, नाहीतर वास सुटतो आणि अळ्या बाहेर पळतात. मटण-मासळीचा कचरा घालू नका. मार्केट यार्डातला माल आणणार असाल तर जपून: फवारलेल्या द्राक्ष-डाळिंबाच्या सालींवर कीटकनाशक उरलेलं असेल तर अळ्या मरतात, आणि जगल्या तर ते विष कोंबडीत जाण्याची भीती. आधी मूठभर अळ्यांवर दोन दिवस चाचणी घ्या.

सत्तावीस ते तेहतीस अंश या अळीला मानवतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा अंडी सुकतात आणि टबातला ओलावा दुपारपर्यंत उडतो. सावली आणि ओलं गोणपाट हवंच. नवख्याने पाऊस सुरू झाल्यावर धरावं. साधारण दोन-तीन आठवड्यांत अळी काढणीला येते. ती पांढुरकी असतानाच काढा. काळी पडली की कवच टणक होतं. उकळत्या पाण्यातून काढून वाळवा. चरबी जास्त असल्याने कोंबड्यांच्या एकूण खाद्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ नका. थोड्या अळ्या मात्र मागे राहू द्या, म्हणजे माश्या होऊन पुढची अंडी मिळतील. या माश्या ज्या जाळीत ठेवाल तिच्यावर ऊन पडलं पाहिजे, अंधारात त्यांचा समागम होत नाही.