मोडलेल्या पात्यांचा डबा

आमच्या वर्कशॉपला कोणी आलं की मी आधी तयार सुऱ्या दाखवत नाही, डबा दाखवतो. गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, वरून कापलेला. आत मोडलेली, वाकलेली, तडकलेली पाती. प्रत्येकावर मार्करनं तारीख आणि एखादा शब्द: ‘पाटा’, ‘ऊन’, ‘घाई’, ‘लाईट गेली’. आमची वाटचाल विचाराल तर ती बरीचशी या डब्यात आहे.

मी लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत अकरा वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. घरात लोहारकाम कधी कोणी केलेलं नाही. बायको चिपळुणात जेवणाचे डबे द्यायची, रोज चाळीसेक. चार-पाच किलो कांदा चिरायचा तर बाजारातली सुरी आठवड्यात बोथट, आणि ती पाजवून आणायचं काम माझ्याकडे. २०१८ च्या दिवाळीनंतर एकदा ती वैतागून म्हणाली, “कंपनीत एवढाली मशिनं दुरुस्त करतोस, एक सुरी होत नाही का तुझ्याच्यानं?”

पहिली सुरी ट्रकच्या पाट्यातून, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्टीतून काढली. इकडचे कोयते पाट्याचेच होतात, मग सुरी का नाही, एवढाच विचार. गॅरेजमधून किलोच्या भावानं पाटा आणला, परसात विटा रचून भट्टी केली, भात्याच्या जागी हेअर ड्रायर. लाल केलं, ठोकलं, ग्राइंडरनं घासलं, पुन्हा लाल करून गोडेतेलात बुडवलं. वासानं शेजारच्या काकू विचारून गेल्या, भजी कसली करताय म्हणून. दुसऱ्या दिवशी सुरी ओट्यावरून लादीवर पडली आणि दोन तुकडे झाले.

तुकडे हातात घेऊन पाहिले. मोडलेल्या जागी अर्धा भाग काळपट होता. म्हणजे ती चीर जुनी, ट्रकखाली दणके खाऊन पाट्यात आधीपासूनच असलेली. उरलेला अर्धा भाग साखरेच्या दाण्यांसारखा चमकत होता. ते मात्र माझं पाप. पोलाद गरजेपेक्षा जास्त तापलं की आतले कण मोठे होतात आणि पातं ठिसूळ होतं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढची सात पाती तशीच मोडली.

चूक दाखवली ती एका घिसाडी आजोबांनी. पाऊस संपला की त्यांची पालं हायवेच्या कडेला पडत. आजी घण मारायच्या, आजोबा सांडशीनं लोखंड फिरवायचे. माझे तुकडे बघून त्यांनी विचारलं, “भट्टी कुठं हाय तुझी?”

“परसात.”

“उन्हात? मग रंग काय दिसनार तुला? सावलीला जा.”

एवढंच. भर उन्हात तापलेलं लोखंड आहे त्यापेक्षा काळसर दिसतं, म्हणून मी दर वेळी जास्तच तापवत होतो. ताडपत्री बांधली, शेजारी एक चुंबक टांगला. पोलाद साधारण ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर नेऊन तेलात घालायचं. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या रिअॅक्टरचं तापमान मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या भट्टीत थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, घालायचं सुचायला वर्ष लागलं, याचं मला अजून हसू येतं.

आता भाजीच्या सुऱ्या ईएन ३१ च्या करतो. हे बेअरिंगचं पोलाद, कार्बन एक टक्क्याच्या आसपास. घरी बांधलेल्या विजेच्या भट्टीत ८३० अंशांवर दहा मिनिटं, मग कोमट तेल. तेलातून निघालेलं पातं इतकं कडक असतं की तसंच वापरलं तर टवके उडतील. म्हणून २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. हे काम आधी बायकोच्या ओटीजीत चालायचं. डायल २०० वर, आणि आत मोजलं तर कधी १७०, कधी २४०. तिचे केक मधेच का करपायचे तेही त्या दिवशी समजलं.

जानेवारी २०२१ मध्ये नोकरी सोडली. २२ जुलैला वाशिष्ठी नदी घरात आली.

शेडवर छपरापर्यंत पाणी होतं. मोटर, भट्टी, मुठींसाठी आणलेलं लाकूड, सगळं गेलं. ऑर्डरच्या एकोणीस सुऱ्या चिखलातून काढल्या तेव्हा गंजून लाल झालेल्या. डबा तेवढा वजनानं जागेवर राहिला, गाळानं भरून. त्यानंतर भट्टी माळ्यावर गेली आणि बायकोच्या बांगड्या बँकेत. मुठींना फणसाचं लाकूड वापरायला लागलो ते तेव्हापासून. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं दापोलीकडे झाडं आडवी केली होती, त्यातले ओंडके स्वस्तात मिळाले. पिवळं लाकूड वर्षभरात मधासारखं होतं.

माझी सर्वांत मोठी चूक मात्र पोलादातली नव्हती. ‘सगळ्या कामांना चालते’ असं सांगून मी सुरी विकत होतो. रत्नागिरीच्या एका गिऱ्हाइकानं त्या सुरीनं सुरमईचं डोकं तोडलं आणि धारेला चंद्रकोरीएवढी खाच पडली. मी फोनवर त्यांनाच शिकवायला लागलो. मग स्वतः तिथल्या मिरकरवाडा बंदरावर जाऊन मासळी कापणाऱ्या मावशींजवळ दोन सकाळी बसलो. एकीनं माझी सुरी वापरून परत दिली: “धार बरी हाय, पन हात माखला की मूठ ऱ्हात नाय हातात.” तेव्हापासून मासळीची सुरी वेगळी. ईएन ४५ ची, म्हणजे पाट्याच्याच जातीचं पण कोरं पोलाद, जाड पाठ, थोडी कमी कडक, आणि मुठीला मागे आकडा. गिऱ्हाइकाला नवी सुरी पाठवली. खाच पडलेली डब्यात आहे, तिच्यावर ‘मी’ लिहिलंय.

आमच्या सुऱ्या स्टेनलेस नाहीत. कैरी, कांदा, लिंबू कापून तशाच ठेवल्या तर काळ्या पडतात, जुन्या विळीसारख्या. धुवा, पुसा, पावसाळ्यात खोबरेल तेलाचं बोट फिरवा. एवढं नको असेल तर स्टेनलेसची घ्या, मी वाईट वाटून घेणार नाही. कुरिअरवाले अजूनही अधूनमधून पार्सल हत्यार म्हणून परत पाठवतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची अट आहे, घरगुती वापराच्या सुऱ्या त्यातून वगळल्यात, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता त्याचा कागदच पार्सलवर चिकटवतो.

दर दहा पात्यांमागे एक आम्ही मुद्दाम मोडतो, मूठ बसवण्याआधी, व्हाइसमध्ये धरून. कुठलं मोडायचं ते बायको ठरवते आणि नेमकं मला सर्वांत जमलेलं उचलते. कालच्या लॉटमधलंही तसंच निघालं. मोडलेली कड राखाडी, मखमलीसारखी, दाणा दिसत नव्हता. तिनं ती खिडकीशी नेऊन पाहिली, तारीख टाकली, आणि शब्द न लिहिताच डब्यात टाकली.